पडद्याच्या अलीकडे

मी आयुष्यात एकच चित्रपट-परीक्षण लिहिलं आणि तेही साभार परत आलं.

सोबत संपादकांची चिठ्ठी होती. 'आपले परीक्षण वाचले. त्यात सिनेमा कुठेच सापडला नाही. सगळे प्रेक्षकच आहेत. कृपया सिनेमाविषयी लिहावे.' संपादकांना दोष देण्यात अर्थ नाही. फुलस्केपची सात पानं मी भरली होती आणि त्यात दिग्दर्शन, संकलन, छायाचित्रण यांच्याबद्दल एक अक्षर नव्हतं. कोण कुठे हसलं, कोण कुठे रडलं, शिट्टी नेमकी कुठे पडली, इंटरव्हलला भज्यांच्या गाडीपाशी काय चर्चा झाली, असला सगळा मजकूर. त्या परीक्षणाचं पुढे काय झालं ते शेवटी सांगेन. कारण ते माझ्या घरात वाचलं गेलं, आणि छापून येण्यापेक्षा ते जास्त महागात पडलं.

पण माझा नाइलाज आहे हो. मला लहानपणापासून सिनेमा कधी सलग दिसलेलाच नाही. आमच्या भागात सिनेमा पाहायचा म्हणजे पुढच्या माणसाचा फेटा आणि शेजारच्याचा खांदा यांच्या फटीतून जेवढा दिसेल तेवढा. उरलेला वेळ करणार काय? फेट्याखालचा माणूस बघत बसायचं. तीच सवय लागली. पुढे फेटे गेले, टोप्या आल्या, टोप्याही गेल्या आणि डोकी उघडी पडली, तरी माझी नजर काही पडद्यावर ठरेना.

वडील दौंडला रेल्वेत. मी मास्तरकी करायला शिरूरला गेलो. तेव्हापासून निम्मं आयुष्य या दोन गावांमधल्या एस.टी.त गेलं. दौंड भीमेच्या काठी आणि शिरूर घोडनदीच्या काठी. जुनी माणसं तर शिरूरला घोडनदीच म्हणतात. घोड शेवटी भीमेलाच जाऊन मिळते, तेव्हा मी एकाच पाण्यात राहिलो असं म्हणायला हरकत नाही. पण सिनेमाला बसल्यावर ही दोन गावं एक नव्हेत. दौंडचा प्रेक्षक रेल्वेचा. सिनेमा तीन मिनिटं उशिरा सुरू झाला की घड्याळ काढून बघणार आणि 'लेट रनिंग' म्हणून शेरा मारणार. शिरूरचा प्रेक्षक बाजाराचा. कांद्याची पट्टी खिशात घेऊन आलेला. कांद्याला भाव असेल तर रडक्या सिनेमातही तो हसायचा आणि भाव पडला की दादा कोंडक्यांनासुद्धा त्याला हसवताना घाम फुटायचा.

मी पाहिलेला पहिला सिनेमा तंबूतला. यात्रेत ट्रक येऊन थांबायचा, कनाती उभ्या राहायच्या, जनरेटरची धडधड सुरू व्हायची आणि कर्ण्यावरून एक घोगरा आवाज सगळ्या पंचक्रोशीला 'आज शेवटचा खेळ' म्हणून सांगायचा. हा शेवटचा खेळ सहा दिवस चालायचा. आत बसायला जमीन. एका बाजूला बाप्ये, दुसऱ्या बाजूला बायका, मधे दोर. आई मला घेऊन दोराच्या पलीकडे बसायची आणि वडील अलीकडे.

सिनेमा होता 'संत तुकाराम'. १९३६ साली प्रभात कंपनीत दामले-फत्तेलालांनी केलेला. मी पाहिला तेव्हा त्याला वीस वर्षं होऊन गेलेली होती. रिळावर इतके ओरखडे होते की देहूत बारमाही पाऊस पडतो अशी माझी समजूत झाली. व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात या चित्रपटाची वाखाणणी झाली होती, विष्णुपंत पागनिसांनाच लोक तुकोबा समजू लागले होते, हे सगळं मला फार पुढे कळलं. त्या रात्री कळलं ते वेगळंच. दोराच्या अलीकडची माणसं तुकोबांना पाहत होती. डोळे मिटून, हात जोडून. आणि दोराच्या पलीकडच्या बायका? त्या जिजाईला पाहत होत्या. गौरी नावाच्या नटीने केलेली ती तुकोबांची बायको. आजारी पोराला ओढत, हातात वहाण घेऊन ती थेट विठोबाच्या देवळात जाब विचारायला निघाली, तेव्हा बायकांच्या बाजूने जो आवाज उठला तसा आवाज मी देवळातल्या आरतीलाही ऐकलेला नाही. एक म्हातारी तर उठून उभी राहिली आणि 'हाण!' म्हणाली. अलीकडून कुणीतरी 'गप बसा गं, देवाचं चाललंय' म्हणून दटावलं.

शेवटी विमान आलं. वडिलांनी जागच्या जागी लोटांगण घातलं. वडील पक्के वारकरी. पगार हातात आला की त्यातले काही रुपये दिंडीच्या शिध्याला जायचे आणि उरलेल्यात आई महिना ढकलायची. तंबूतून परत येताना वडील भारावून गप्प होते. आईही गप्प होती. मी आपला विमानावर खूश. घराजवळ आल्यावर आई एकदम म्हणाली, "तो गेला विमानात बसून. आता म्हशीचं कुणी बघायचं?"

वडील काही बोलले नाहीत. पुढच्या महिन्यात दिंडीला शिधा गेला का, ते मला माहीत नाही. पण आई-वडिलांनी एकाच तंबूत बसून दोन निरनिराळे सिनेमे पाहिले, एवढं माझ्या आठ वर्षांच्या डोक्यातसुद्धा शिरलं.

आता मास्तर म्हटल्यावर शास्त्राधार देणं आलं. रशियात कुलेशॉव्ह नावाचा एक दिग्दर्शक होऊन गेला. १९२०च्या आसपास त्याने एक गंमत केली. मोझुखिन नावाच्या नटाचा एक निर्विकार चेहरा घेतला आणि त्याला जोडून एकदा रश्श्याची वाटी दाखवली, एकदा शवपेटी आणि एकदा एक बाई. लोक म्हणाले, वा, काय नट आहे! भूक काय दाखवतो, दुःख काय दाखवतो, अभिलाषा काय दाखवतो! नटाचा चेहरा तिन्ही वेळा तोच, तसूभर न हललेला. भूक, दुःख आणि अभिलाषा लोक घरून आणत होते. बिचाऱ्या कुलेशॉव्हला एवढा खटाटोप करावा लागला. आमच्या तंबूत एक दोर बांधून काम भागलं होतं.

आणि लांब रशियात कशाला? आपले दादासाहेब फाळके १९११च्या सुमारास मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट बघायला बसले होते. समोर ख्रिस्त चालला होता आणि हे बघत होते श्रीकृष्ण, श्रीराम, गोकुळ आणि अयोध्या. त्यांनीच तसं पुढे लिहून ठेवलं आहे. म्हणजे हिंदुस्थानातला चित्रपटाचा धंदा सुरू झाला तोच मुळी एका प्रेक्षकाने पडद्यावर नसलेलं पाहिल्यामुळे. फाळक्यांनी त्या वेळी नीट पडद्यावरचंच पाहिलं असतं तर १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' निघाला नसता आणि माझ्या वाट्याला हा लेख आला नसता.

मनातल्या वासनांचा एवढा अभ्यास केलेला फ्रॉइड मात्र या बाबतीत कच्चा निघाला. १९२५ साली सॅम्युएल गोल्डविन नावाचा हॉलिवुडचा निर्माता त्याला एक लाख डॉलर द्यायला निघाला होता. कशासाठी, तर प्रेमावरच्या चित्रपटाला सल्ला द्यायचा. फ्रॉइडने त्याची भेटसुद्धा घेतली नाही. लाख डॉलर नाकारले ते त्याचं तो जाणे, पण सिनेमा नाकारला हे चुकलं. त्याच्याकडे येणारी माणसं कोचावर पडून तासन्‌तास आडवळणाने बोलत. आमच्याकडे सव्वा रुपयाच्या तिकिटात, अंधार पडला की पाचव्या मिनिटाला माणूस आपल्या मनातलं मोठ्याने ओरडून सांगायचा.

उदाहरणार्थ आमच्या रेल्वे क्वार्टर्समधले एक काका. हे वाफेच्या इंजिनावर फायरमन. दौंड-मनमाड लाइनवर त्यांनी कोळसा किती मारला याचा हिशेब कुणी ठेवला नाही. घरी आले की डोळे तेवढे पांढरे दिसायचे. मुलांना त्यांची भीती वाटे आणि बायकांना त्यांच्या कपड्यांची. १९७५ साली 'शोले' आला. मुंबईत आला त्या वर्षी आमच्याकडे येत नसतो, तो सगळीकडे हिंडून, थकून, जागोजागी तुटून मग आमच्याकडे येतो. तसा आला. काका गेले. सगळा गाव गब्बरसिंगचं बोलणं पाठ करून आला. काका आले ते सुरुवातीची मालगाडी घेऊन आले. डाकू घोड्यांवरून पाठलाग करताहेत, रुळावर लाकडाचे ओंडके टाकलेत आणि आपले दोघे वीर इंजिन दामटून ते ओंडके उडवून देतात, तो प्रसंग. पुढचा तीन तासांचा सिनेमा काकांच्या लेखी नव्हताच.

"कोळसा बरोबर मारला नाही त्यानं," ते मला म्हणाले. "असा मारला तर प्रेशर येणार नाही. पण..." आणि जरा थांबून म्हणाले, "लोकांनी शिट्ट्या मारल्या रे. कोळसा मारताना."

त्यानंतर ते आणखी चार-पाचदा जाऊन आले. मालगाडीपर्यंत बसायचे आणि उठून ड्यूटीवर जायचे. डोअरकीपर म्हणे, असलं गिऱ्हाईक बघितलं नाही. मला विचाराल तर तिकिटाचे पैसे पुरेपूर वसूल करणारा तेवढा एकच माणूस. त्यांनी आयुष्यभर जे केलं त्याला एकदा तरी शिट्टी पडावी, ही काही फार मोठी हाव नव्हे. पण ती त्यांना स्वतःलाही ठाऊक नव्हती, त्यासाठी सिनेमा यावा लागला.

त्याच १९७५ सालात 'जय संतोषी माँ' आला. त्याचं कौतुक सगळ्यांना माहीत आहे. लोक थेटराबाहेर चपला काढत, पडद्यावर फुलं आणि नाणी उधळत, शुक्रवारी गूळ-चणे वाटत. आमच्या आळीत दर शुक्रवारी आमटीतली चिंच बंद झाली आणि पुरुषमंडळींचे चेहरे त्यामुळे जास्तच आंबट दिसू लागले. वर्तमानपत्रांतून यावर पुष्कळ विद्वान लिहिते झाले. श्रद्धा, अंधश्रद्धा, महागाई, आणीबाणी. मी मात्र आमच्या शेजारच्या तीन जावांबरोबर गेलो होतो. म्हणजे त्यांच्या मागच्या रांगेत होतो. तिघी एकाच चुलीवर स्वयंपाक करणाऱ्या आणि एकमेकींशी फक्त सणाला बोलणाऱ्या. सिनेमात सत्यवतीला छळणाऱ्या जावा आहेत, उद्यापनाच्या प्रसादात लिंबू पिळणाऱ्या. त्या लिंबू पिळायला लागल्या तशा या तिघींपैकी प्रत्येकीने उरलेल्या दोघींकडे हळूच पाहिलं. तिघीही स्वतःला सत्यवती समजत होत्या! खाष्ट जाऊ त्या थेटरात एकही आलेली नव्हती. सबंध गावात आली नसेल. देवीचा कोप झाला तेव्हा तिघींनी एकदम हात जोडले आणि मला वाटतं, तिघींनीही देवीला पत्ता एकच दिला असावा.

तसं पुरुषांचंही काही वेगळं नाही. 'सामना' १९७५ साली बर्लिनच्या महोत्सवापर्यंत जाऊन आलेला चित्रपट. विजय तेंडुलकरांनी लिहिलेला, जब्बार पटेलांनी केलेला. साखर कारखान्याच्या आधारावर गावच्या गाव मुठीत ठेवणारा हिंदुराव आणि त्याला प्रश्न विचारणारा एक दारूडा मास्तर. निळू फुले आणि श्रीराम लागू. आमच्या ऊसपट्ट्यातल्या पुढाऱ्यांनी हा सिनेमा बघावा, त्यांना आरसा दिसेल, असं आम्हा मास्तरलोकांना फार वाटे. एका पुढाऱ्याला आम्ही आग्रह करून नेलंसुद्धा. सिनेमा संपला. आम्ही उत्सुकतेने त्यांच्या तोंडाकडे पाहतोय. ते बराच वेळ विचारात होते. मग म्हणाले, "निळूभाऊंनी टोपी काय घातलीय हो! अशी तिरकी घातली की वजन पडतंय." पुढच्या सभेला टोपी तिरकी होती. आरसा दाखवला, त्यांनी भांग पाडून घेतला.

पण खरा सिनेमा झाला तो 'पिंजरा'च्या वेळी. १९७२ साल. मी शाळेत नुकताच लागलेलो, आणि आमचे हेडमास्तर म्हणजे सोवळ्यातला माणूस. पांढरं धोतर, बंद गळ्याचा कोट. शिरूरहून न्हावऱ्यामार्गे दौंडकडे येताना वाटेत चौफुला लागतो आणि चौफुला म्हटलं की संगीतबारीची थिएटरं, हे या भागात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. एस.टी. तिथे थांबली की हेडमास्तर खिडकीची काच वर करून डोळे मिटून घेत. पोरं म्हणायची, कानाला काच नसते.

शिरूरला 'पिंजरा' लागला. व्ही. शांतारामांचा, म्हणजे कलात्मक असणारच. हेडमास्तरांनी स्टाफरूममध्ये जाहीर केलं, की विद्यार्थ्यांना दाखवण्यास योग्य आहे किंवा कसे हे पाहण्यासाठी आपण स्वतः जाऊन येणार. सोबतीला मला घेतलं. पाहून आले आणि म्हणाले, निर्णय घेण्याइतपत नीट पाहता आलं नाही. दुसऱ्यांदा गेले. तिसऱ्यांदा गेले. ही तपासणी इन्स्पेक्टरच्या तपासणीपेक्षाही लांबली. स्टाफरूममध्ये गालातल्या गालात हसणं सुरू झालं. गणिताचे सर 'संध्याबाईंचा पाढा किती झाला' म्हणून मला विचारायचे. शिपायालासुद्धा सगळ्यांना कळलेलं तेवढं कळलेलं होतं. नाचणारी बाई आणि म्हातारा मास्तर, त्यात न कळण्यासारखं आहे काय?

मी चारही वेळा त्यांच्या शेजारी बसलो होतो. आणि मी काही पडद्याकडे बघणारा माणूस नव्हे.

लावणी सुरू झाली की हेडमास्तर चष्मा काढून पुसायला घेत. अगदी सावकाश पुसत. लावणी संपली की चष्मा चढवत. एवढा चार वेळा आलेला माणूस एकही नाच धड पाहत नव्हता. ते पाहत होते पुढचं. गावाने देव मानलेला मास्तर त्या बाईच्या नादी लागतो, मग एका प्रेताला आपले कपडे चढवून स्वतःलाच मारून टाकतो. गाव समजतं मास्तर गेले. गाव त्यांची पूजा करतं आणि खरा मास्तर तमाशाच्या फडाबरोबर गावोगाव हिंडतो. शेवटी मास्तरच्या खुनाबद्दल, म्हणजे स्वतःच्याच खुनाबद्दल, फासावर जातो. कपडे बदलण्याच्या त्या प्रसंगाला हेडमास्तर खुर्चीत पुढे सरकून बसायचे. दोन्ही हात गुडघ्यांवर. तोंड किंचित उघडं.

चौथ्यांदा पाहून परत येताना रात्र झाली होती. पुलावर वारा होता. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मेल्यावर माणसाला किती मोकळं वाटत असेल हो."

मी तेव्हा चोवीस वर्षांचा. मला हे फार भयंकर वाटलं. मी म्हटलं, "सर, असं काय बोलता?"

"तसं नव्हे. गावानं मारुतीच्या पारावर बसवून ठेवलंय मला बत्तीस वर्षं. चहाच्या टपरीवर बसून एक कप चहा प्यावा असं वाटतं. पण चार पोरं उठून उभी राहतात."

आम्ही त्या रात्री स्टँडवरच्या टपरीवर चहा प्यालो. पोरं नव्हती, फक्त दोन ट्रकवाले होते, आणि त्यांच्यापैकी कुणी उठून उभं राहिलं नाही. हेडमास्तरांनी बशीतून फुर्रकन आवाज करून चहा प्यायला. तो आवाज मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. दुसऱ्या दिवशी नोटीस निघाली, की सदर चित्रपट विद्यार्थ्यांनी पाहण्यायोग्य नाही.

पुढे कधीतरी वाचलं, की 'पिंजरा'ची मूळ गोष्ट जर्मनीची. १९३०चा 'द ब्लू एंजल', मार्लेन डीट्रिशचा, आणि त्याच्याही आधी १९०५ची हाइनरिख मानची कादंबरी. तिथेही मास्तर, तिथेही नाचणारी. टीकाकार म्हणतात ही पुरुषाच्या कामवासनेची शोकांतिका. असेल. जर्मनीतल्या हेडमास्तरांचं मला माहीत नाही. आमच्याकडच्यांना बाईपेक्षा टपरीची वासना जबर होती आणि ती जास्त दाबून ठेवलेली होती.

हे असं सगळं पाहत पाहत मी स्वतःला मोठा मनकवडा समजू लागलो होतो. प्रेक्षकाकडे एक नजर टाकावी आणि त्याच्या काळजातली गाठ सांगावी. अशा गुर्मीत १९९१ साल आलं आणि 'माहेरची साडी' आला.

विजय कोंडक्यांचा हा चित्रपट कुठे कुठे किती चालला ते विचारू नका. बायका ट्रॅक्टर-ट्रॉल्या भरून येत होत्या. मूळ कथा राजस्थानी चित्रपटाची, पण अलका कुबलने ती इतकी आपल्यातली केली की आमच्याकडे तिला कुणी अलका म्हणेना, लक्ष्मीच म्हणत. मी सौभाग्यवतीला घेऊन गेलो. ती शिरूर तालुक्यातलीच, शेतकऱ्याची मुलगी. थेटरात पंखे बंद, पण हवेत गारवा होता, इतकं पाणी डोळ्यांवाटे वाहत होतं. हुंदक्यांच्या आवाजात संवाद ऐकू येईनात. मला तर पर्वणीच. अंधारात मी वहीत खुणा करत होतो. पहिल्या रांगेतल्या मावशींनी पदर पिळला. बारा नंबरच्या बाईने शेजारणीच्या पदराला नाक पुसलं. एक पुरुष खोकल्याचं सोंग करतोय. घरी येऊन एका बैठकीत सात पानं लिहिली. 'यंदा तालुक्यात पर्जन्यमान कमी, परंतु थेटरात ढगफुटी' अशी सुरुवात होती. मला ती फार आवडली होती. हेच ते परीक्षण.

ते परत आलं त्या दिवशी मी शाळेत होतो. पाकीट हिने फोडलं. मी घरी आलो तेव्हा पानं नीट घडी घालून टेबलावर ठेवलेली आणि ही स्वयंपाकघरात.

"संपादकांचं चुकलं," मी म्हटलं. "त्यांना प्रेक्षकांचं महत्त्व कळलं नाही."

"सगळे प्रेक्षक कुठं आहेत यात?" ही आतूनच म्हणाली. "बारा नंबरची आहे. मावशी आहेत. तुमच्या शेजारी बसले होते, ती मी कुठं आहे?"

मी पानं चाळली. खरंच नव्हती. तीन तास जी माझ्या खांद्याला खांदा लावून बसली होती तिच्यावर एक ओळ नव्हती.

"अगं, तू पण रडत होतीस ना, सगळ्यांसारखीच..."

"सगळ्यांसारखी नव्हते रडत." ती बाहेर आली. हाताला पीठ होतं. "त्या लक्ष्मीसाठी तर अजिबात नव्हते रडत. मला सारखं तुमचं पेन दिसत होतं."

मला काही कळेना. मग कळलं, आणि बसलो.

तीन वर्षांपूर्वीची, १९८८ची गोष्ट. माझे सासरे वारले. वर्षश्राद्ध झाल्यावर मेव्हणा म्हणाला, ताई, सातबाऱ्यावर तुझं नाव लागलंय, तेवढं हक्कसोडपत्र करून टाकू, उगाच सरकारी कटकट नको. आमच्याकडे हे सगळ्याच घरांत होतं. १९५६च्या कायद्याने मुलीला बापाच्या मिळकतीत वाटा दिलेला आहे आणि रीत अशी, की मुलीने तो सही करून परत द्यावा. जी देते ती गुणाची. जी देत नाही तिला माहेर तुटतं. शिरूरला रजिस्ट्रार कचेरीत आम्ही गेलो. मेव्हण्याने खिसे चाचपले आणि म्हणाला, "दाजी, पेन आहे का?" मी माझं शाईचं पेन काढून दिलं. ही क्षणभर माझ्याकडे पाहत थांबली होती. आता आठवतं. तेव्हा मी म्हणालो होतो, "कर गं सही, उशीर होतोय. आपल्याला काय करायचीय जमीन?" आपल्याला. मग मेव्हण्याने हॉटेलात सगळ्यांना जेवण दिलं आणि हिला साडी दिली. अंजिरी रंगाची. मी दोन वाट्या बासुंदी जास्त घेतली होती.

दोन एकर विहीरबागायत होती तिच्या नावावर. त्यातल्या बांधावरच्या आंब्याखाली ती लहानपणी भातुकली खेळायची, हेसुद्धा मला त्या दिवशी स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून पहिल्यांदा समजलं.

"मला जमीन नको होती," ती म्हणाली. "तुम्ही एकदा विचारायला हवं होतं, की देऊ ना पेन."

दोराच्या पलीकडे आई काय पाहत होती ते आठव्या वर्षी ओळखणारा मी. फायरमनकाका ओळखले, हेडमास्तर ओळखले. आणि इथे दोरही नव्हता. एकाच बाकड्यावर बसलो होतो.

ती सात पानं मी पुढे कुठेच पाठवली नाहीत. सिनेमाही आता तसा राहिला नाही. तंबू दिसेनासे झाले, नव्या थेटरात माणसं खुर्चीत मागे रेलून लाह्या खातात, त्यांना पॉपकॉर्न म्हणतात, आणि कुणी कुणाला 'हाण' म्हणत नाही. घरात तर जो तो आपापल्या मोबाइलमध्ये मान घालून बसलेला. नातवाला विचारलं, काय बघतोस, तर 'काही नाही' म्हणतो. प्रेक्षक बघणाऱ्याचा धंदा बसला.

साडी मात्र येते. दर दिवाळीला, न चुकता. आधी मेव्हणा आणायचा, आता त्याचा मुलगा आणतो. पोरगा चांगला आहे, आत्या-आत्या करत पाया पडतो. ही त्याला फराळाचं देते, चहा देते, शेताचं विचारते. आंबा अजून आहे म्हणे. गेल्या दिवाळीला तो गेल्यावर हिने साडी ट्रंकेत ठेवली आणि पुटपुटत काहीतरी मोजलं.

"किती झाल्या?" मी विचारलं.

"पस्तीसच्या पुढं गेल्या," ती म्हणाली. "अजून एक गुंठासुद्धा फिटला नाही."

आणि हसली. मग चष्मा लावून वर्तमानपत्रातलं टी.व्ही.चं पान बघत म्हणाली, "दुपारी 'माहेरची साडी' लागलाय. आज लावू नका हं. डाळ भिजत घातलीय, मला अनारशांचं पण बघायचंय."